पत्त्यावरचं नाव

माझी पहिली विद्यार्थिनी माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी होती आणि नात्यानं माझी सख्खी वहिनी होती. मी तेव्हा नागपुरात मास्तरकीचं शिकत होते. दिवसा कॉलेजात जो पाठ घ्यायला शिकवायचे, तोच संध्याकाळी घरी येऊन मी तिच्यावर घ्यायची. फळा कुठला असणार! चुलीच्या धुरानं काळी झालेली स्वयंपाकघराची भिंत होती, तोच आमचा फळा. आई ओरडायची, "भित काहून रंगवून राहिली वं पोट्टे? कोण पुसते ते?" मी म्हणायची, "विद्यादान चालू आहे, मधे बोलू नको." मी लहानपणापासून तोंडाळ. अजूनही आहे, घरचे सांगतील.

बाबा गिरणीत होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत. त्याआधी तो कुहीजवळच्या आमच्या गावी काकांबरोबर धान करायचा. शहरात त्याचा जीव कधी रमलाच नाही. वहिनीही तिकडचीच, शेजारच्या गावची, शाळा दुसरीत सुटलेली. लग्न झालं, दादा पंचवीस दिवस राहिला आणि सुट्टी संपली म्हणून परत गेला.

तिला लिहायला शिकायचं होतं, त्याला कारण मीच. तिची पत्रं मी लिहायची आणि दादाची आलेली मीच वाचून दाखवायची. आता नवऱ्याला काय लिहायचं ते नणंदेला सांगायचं म्हणजे झालंच! 'सगळे खुशाल हायेत' याच्यापुढे तिची गाडी जायची नाही आणि मी मुद्दाम विचारायची, "बस? एवढंच? बाकी काही गोडधोड?" ती लाल व्हायची. एक दिवस चिडून म्हणाली, "मले शिकवा बाई. माह्यं मी लिहीन."

शिकवलं. आठ महिन्यांत ती स्वतः पत्र लिहायला लागली. अक्षर मोठं, दोन अक्षरांमधून बैलगाडी जाईल इतकं मोकळं, पण चूक सापडायची नाही. पुढे मी पस्तीस वर्षं पोरं शिकवली, बोर्डात आलेलीही शिकवली. पण भाकरी थापता थापता परातीतल्या पिठावर 'ज्ञ' गिरवणारी तेवढी एकच. मला तिचा अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही.

एकच गोष्ट मात्र ती करायची नाही. पत्र लिहायची, घडी घालायची, चिकटवायची आणि पत्ता लिहायला माझ्यापुढे सरकवायची. पत्त्यावर दादाचं नाव असायचं ना! आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. आईनं उभ्या जन्मात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. राशनच्या दुकानात कोणी विचारलं तर ती शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणायची, "तू सांग वं." वहिनी हे सगळं आईकडूनच शिकली होती आणि माझ्या शिकवण्यापेक्षा ते जास्त पक्कं शिकली होती.

मला राग यायचा. आठ महिने घसा कोरडा करायचा आणि सगळ्यांत मोलाच्या शब्दापाशी येऊन वहिनीबाईंनी पेन खाली ठेवायचं! त्या वर्षी दिवाळीनंतर माझी परीक्षा होती, डोकं तापलेलं होतं. तिनं नेहमीसारखं पत्र पुढे केलं. मी म्हटलं, "मी नाही लिहीत. तूच लिही."

"बाई, असं नोका करू."

"काहून? आईनं तुला काय सांगितलं? नाव घेऊ नको. लिहू नको असं कोणी सांगितलं? जुन्या बायांना लिहिताच यायचं नाही, त्या कशाला सांगतील?"

वकिलानंही मान डोलवावी असा मुद्दा होता. तिनं पत्र परत आपल्याकडे ओढलं. मग तिनं दादाचा फौजेतला नंबर लिहिला, हुद्दा लिहिला आणि जिभेचं टोक दातात धरून एकेक अक्षर काढत त्याचं नाव लिहिलं. पुढे बाबांचं, मग आडनाव. लिहून झालं आणि तिला जे हसू फुटलं! दाबायला पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. नाक्यावरच्या लाल डब्यात पत्र टाकायलाही ती स्वतः गेली, माझ्या हाती दिलं नाही.

मग एकाहत्तरची लढाई सुरू झाली. आम्ही खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले, शेजारच्यांच्या रेडिओपाशी जाऊन बसलो. दोन आठवड्यांत लढाई संपलीसुद्धा. मोहल्ल्यात पेढे वाटले. आईनं देवापुढे ठेवून दादाच्या नावचा एक पेढा डब्यात राखला. चौथ्या दिवशी तार आली. ती मीच वाचली, कारण घरात इंग्रजी वाचणारी मीच होते. तेव्हा शिकल्याचा मला पहिल्यांदा पश्चात्ताप झाला.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. वहिनी मोरीजवळ भांडी घासत होती. मी शेजारी जाऊन बसले. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बाई, त्याईले मीच मारलं."

मला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "मी नाव लिहिलं. महिना नाई भरला."

"वेडी आहेस काय? तिकडे गोळ्या चालल्या होत्या. इतकी माणसं गेली, सगळ्यांच्या बायकांनी नावं लिहिली होती काय?"

"लोकाईचं मले नाई मालूम. माह्यं मले मालूम हाय." राखेचा हात तिनं तसाच धरला होता. "आईले नोका सांगू."

मी शिकलेली, मोठी तर्क लढवणारी. पण खरं सांगते, मलाही आतून तसंच वाटत होतं. पटत नव्हतं आणि वाटत होतं. लिहायला लावणारी तर मीच होते! त्या दिवसापासून वहिनीनं पेन हातात धरलं नाही. सरकारी कागद आले, त्यांवर तिनं अंगठा दिला. इतकं सुंदर लिहिणाऱ्या बाईचा निळा अंगठा मी समोर बसून बघितला आणि एक शब्द बोलले नाही. मी, तोंडाळ!

सव्वा वर्ष गेलं असेल. कामठीच्या छावणीतून एक माणूस खाकी लिफाफा घेऊन आला. दादाला मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं होतं. छावणीच्या मैदानावर समारंभ होता आणि पदक त्याच्या पत्नीनं स्वीकारायचं होतं. बाबांनी ते पत्र माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. सहाव्यांदा स्वतःच हातात धरून बसले, अक्षर कळत नव्हतं तरी. गिरणीतले सोबती येऊन गेले. मोहल्ल्यातल्या बायकांनी सल्ल्यांचा पूर आणला: लुगडं कोणतं नेसवायचं, पदर कुठवर घ्यायचा, साहेबाला नमस्कार करायचा का सलाम ठोकायचा. बाबांनी तर अंगणात सरावच लावला. स्वतः साहेब होऊन तुळशीपाशी ताठ उभे राहायचे आणि म्हणायचे, "हं सूनबाई, ये." वहिनी बाजेवर बसून राहायची, उठायचीच नाही.

"मामाजी, मी नाई येत," ती सासऱ्याला म्हणाली. "तुमीच घ्या."

बाबांना वाटलं, लाजते आहे. समजूत घातली. मग वाटलं, हट्ट करते आहे. आठवडाभर घरात हेच. शेवटी एका सकाळी त्यांचा आवाज चढला. "पोरानं जीव देल्ला अन् तुले चार पावलं चालवत नाई? तुले त्याची किंमतच नाई!"

वहिनीनं मान खाली घातली. ती बोलणार नव्हती, मला माहीत होतं. मरेपर्यंत बोलली नसती. माझा तोल सुटला.

"तिला काही बोलू नका!" मी ओरडले. "पत्रावर दादाचं नाव मी लिहायला लावलं होतं तिला! तिला वाटतं, त्यानंच दादा गेला. ज्या हातानं लिहिलं त्या हातानं पदक कसं घेऊ म्हणते ती. शिव्या द्यायच्या तर मला द्या."

बाबा ओट्यावर बसले. मग म्हणाले, "असं नसते वं बाई, असं नसते." पण बाबांचा प्रश्न नव्हताच. आई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

माझी आई म्हणजे शिव्यांचं कोठार. तिनं आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ओंजळीत झेलल्या असत्या. तिनं दिल्या नाहीत. पुढचे बारा दिवस ती आम्हा दोघींशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी पुढे ठेवायची, एकदा तर वहिनीला समोर बसवून तिच्या डोक्याला तेलही चोपडून दिलं. पण तोंडातून शब्द नाही. सुनेच्या हातानं आपला पोरगा गेला असं तिला वाटतं का नाही, हे आम्हाला कळेना. विचारायची छाती कोणाला होती? वहिनी रोज सकाळी आईच्या तोंडाकडे बघायची आणि खाली मान घालून कामाला लागायची.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. सगळ्यांनी जायचं, वहिनीला तिथे वाटलं तर ती उठेल, नाहीतर ते स्वतः साहेबाच्या पाया पडून पदक मागून घेतील. वहिनी "हाव" म्हणाली, पण मला एकटीला सांगितलं, "मी हात नाई लावत त्याले."

बाबा भोंग्याचा माणूस. समारंभ दहाला, आम्ही आठला मैदानावर हजर. खुर्च्या मांडणं चालू होतं. शामियान्याच्या कडेला आम्ही चौघं ओळीनं बसलो, लग्नात नवरदेवाआधी पोचलेल्या वऱ्हाडासारखे. तेवढ्यात कुबडीवर भार देत एक जवान आला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. बाबांना त्यानं दादाचा बाप ना म्हणून विचारलं आणि पाया पडायला वाकू लागला. बाबांनी त्याला वरच्यावर धरलं. तो सातारकडचा होता.

"मला त्यानंच आणलं," तो म्हणाला. "तिघांना आणलं त्यानं. मी दुसरा."

बाबांनी त्याला खुर्ची दिली आणि तो सांगू लागला. पुढे गेलेली त्यांची तुकडी भाताच्या शेतांत अडकली होती. पीक कापून नेलेलं, चिखल अर्धवट वाळलेला, आणि समोरून मशीनगन. डोकं वर काढायची सोय नाही. तिघं जखमी होऊन मधेच पडलेले.

"आम्ही सरळ धावलो म्हणून पडलो," तो म्हणाला. "तो धावलाच नाही. बांधाच्या कडेनं पोटावर सरपटत आला. बांध कुठं उंच असतो, पाणी सोडायला कुठं फोडलेला असतो, सगळं त्याला न बघता ठाऊक. मला म्हणाला, भिऊ नकोस, ह्या चिखलात मी जन्मापासून लोळतोय. एकाला पोचवून आला होता. मग मला पाठीवर बांधलं आणि तसाच सरपटत निघाला. वाटेत त्याच्या खांद्यात गोळी घुसली, तरी थांबला नाही. मला पार आत नेऊन ठेवलं, पाणी पाजलं. सुभेदारसाहेब म्हणाले, बस झालं, आता अंधार पडू दे. पण तिसरा तिकडं कण्हत होता. हा म्हणाला, साहेब, अंधार पडेस्तोवर तो राहायचा नाही. आणि गेला. त्यालाही बांधाच्या अलीकडं ढकललंच बघा त्यानं. तो जगला, घरी शेती करतोय. पण ढकलायला ह्याला उठून बसावं लागलं. तेवढं एकदाच उठला."

दादा! गोट्या खेळताना हरला की रडणारा, आईच्या हातचं तिखट खाताना नाक पुसणारा माझा दादा. मला त्याचा इतका अभिमान वाटला, आणि इतका राग आला की एकदा, एकदाच, ऐकायला काय झालं होतं रे तुला! दोन्ही एकदम वाटत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

वहिनी इतका वेळ खाली बघत होती. आता तिनं मान वर केली. परक्या पुरुषाशी सरळ नजर देऊन बोलताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"त्याईले कोणी धाडलं होतं?"

"कोणी नाही, वहिनी."

"तिसऱ्या डावले?"

"कोणीच नाही. उलट थांब म्हणत होते सगळे. मी पडल्या पडल्या त्याचा पाय धरला होता. सोडवून गेला."

"मंग त्याईचे तेच गेले?"

"त्याचा तोच गेला."

मग वहिनीनं अगदी हळू विचारलं, "आखरीची चिठ्ठी पोचली होती काय त्याईले?"

जवान हसला. "पोचली म्हणजे! फोडायच्या आधी सगळ्यांना पत्ता वाचायला लावला त्यानं. आम्ही म्हटलं, लेका, पत्त्यात काय वाचायचंय, तुझंच तर नाव आहे. तर म्हणाला, नाव नका बघू, हात कोणाचा आहे ते बघा. तासभर ते पत्र फोडलंच नाही त्यानं. नुसता वरून बघत होता."

वहिनी रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिनं पदर नीट केला आणि पाठ ताठ करून बसली. आई तिच्या पलीकडेच होती. आईचे कान तिखट. भिंतीपलीकडे शेजारी कुजबुजले तरी तिला ऐकू जायचं. तिनं सगळं ऐकलं होतं. पण ती समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली.

समारंभ सुरू झाला. बँड वाजला, मोठे साहेब आले. दादाची पाळी आली तेव्हा लाउडस्पीकरवरून त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव पुकारलं. मग त्यानं काय केलं ते आधी इंग्रजीत वाचलं, मग हिंदीत. भाषा मोठी भारदस्त होती. त्यात चिखल नव्हता आणि बांधही नव्हता, पण माणूस तोच होता. बाबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठू लागले.

"मामाजी, बसा," वहिनी म्हणाली आणि उभी राहिली.

अंगणात शिकवलं त्यातलं तिनं काहीही केलं नाही. नमस्कार नाही, सलाम नाही. बांधावरून चालावं तशी एकेक पाऊल नीट टाकत ती गेली. साहेबानं डबी पुढे केली, ती तिनं दोन्ही हातांनी घेतली. मग त्या एवढ्या मोठ्या साहेबानं, छातीवर फिती लावलेल्या, माझ्या एकवीस वर्षांच्या वहिनीला कडक सॅल्यूट ठोकला. ती गडबडली नाही, लाजली नाही. त्यानं हात खाली घेईपर्यंत ताठ उभी राहिली. बाबा शेजारी हुंदके देत होते आणि मोठ्यानं म्हणत होते, "माही सून हाय ते. माही सून."

परतीच्या बसला गर्दी होती. आम्हा तिघींना कशीबशी एक सीट मिळाली. आई खिडकीपाशी, वहिनी मधे, मी कडेला. बाबा पुढे दांडा धरून उभे होते आणि शेजारच्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत होते. डबी वहिनीच्या मांडीवर होती. इंदोरा आलं, नागपूर सुरू झालं.

मग आई बोलली. खिडकीबाहेर बघतच बोलली. "काय म्हणून पुकारलं वं त्या साहेबानं?"

बारा दिवसांनी आलेला तो आवाज ऐकून मी इतकी हरखले की लगेच सुरू झाले, "अगं आई, तो म्हणाला की शत्रूच्या..."

"तुले नाई विचारलं. तिले विचारलं." आईनं तोंड वळवलं आणि वहिनीकडे पाहिलं. "माह्या पोराले काय म्हणून पुकारलं त्यानं?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून बसले. आई वाट बघत होती. तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही, हे आम्हा दोघींना चांगलं माहीत होतं.

वहिनी आधी नंबर म्हणाली. मग हुद्दा. मग थांबली. मग तिनं नाव घेतलं. त्याचं, सासऱ्याचं, आडनाव, सगळं पूर्ण, खणखणीत. पुढे बाबा बोलता बोलता थांबले आणि वळून बघू लागले. सव्वा वर्षात आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारलं नव्हतं. आम्ही 'दादा' म्हणायचो, बाबा 'पोरगा' म्हणायचे, आणि आई तर काहीच म्हणायची नाही.

आईनं डोळे मिटून घेतले होते. मिटल्या डोळ्यांनीच तिनं चाचपडत वहिनीचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला.

"अजून एक डाव म्हण वं, माय," ती म्हणाली.